नवी फरशी मी फोडली

घणाचा पहिला घाव बसला तेव्हा फरशी फुटलीच नाही. नुसता खण्ण आवाज झाला आणि माझ्या दोन्ही मनगटांना झिणझिण्या आल्या. सासरे दारात उभे होते. ते म्हणाले, "अजून टाइम हाय पोरी. ठिव तो घण खाली."

मी ठेवला नाही. दुसरा घाव घातला. मोझॅकच्या चकचकीत टाइलला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली. तिसऱ्या घावाला तिचे तुकडे झाले.

ती फरशी बसून महिनाही झाला नव्हता. सगळ्या वस्तीत तसली फरशी दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती. आठ दिवसांवर गृहप्रवेश आला होता. अशा घरात सुनेनं घण चालवला म्हणून पुढं बरीच वर्षं लोक बोलत राहिले. बोलू देत. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा फोडीन, आणि पहिलाच घाव जोरात घालीन.

माझं माहेर फलटणचं. घरामागून पाट वाहायचा, पलीकडं ऊस. भांडी पाटावर, धुणं पाटावर. पाणी जपून वापरायचं असतं हे लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. नर्सचं ट्रेनिंग पुरं झालं, लग्न झालं आणि मी आष्ट्याजवळच्या एका गावात, तिथल्या बौद्ध वस्तीत नांदायला आले. गावच्याच उपकेंद्रात नोकरी लागली. साल पंच्याण्णव-शहाण्णवचं असेल. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. घरात आम्ही तिघंच. सासूला मी आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा.

मामाही फौजेतूनच निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, पण पाठ ताठ. बोलण्यात 'ऑर्डर', 'फिट', 'रिपोर्ट' असले शब्द. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. घागर घेऊन काठाला उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडं बघत. पण घर दुरुस्तीला काढलं तेव्हा त्यांनी गवंड्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी: "नळ सैपाकघरात पायजे. ओट्यावर. भांडं ठिवलं की भरलं पायजे. बाकी काय बी कमी-जास्त झालं तर चालंल."

ग्रामपंचायतीचं पाणी सकाळी तासभर यायचं. वस्तीच्या चौकात एक नळ होता, आणि चौकातून एक लाइन आमच्या परसातून मागच्या सहा-सात घरांकडं गेलेली. स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणजे परसात सरकायचं, आणि परसात सरकलं की ती लाइन घराखाली येणार. गवंड्यानं विचारलं, "लाइन खालनं जातीया. राहू द्यायची का बाजूनं फिरवून घ्यायची?"

मामा म्हणाले, "फिरवण्यात आठ दिस जातील. राहू दे खालनं. लोखंडाची हाय, काय होतंय तिला?"

मी तिथंच चहाचे कप घेऊन उभी होते. काही बोलले नाही. मलाही तो नळ लवकर हवा होता. त्यामुळं पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

काम सुरू झालं तशी घराला तहान लागली. विटा भिजवायला पाणी, माल कालवायला पाणी, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ मारायला पाणी. आम्ही दोघी बायका चौकातून घागरी आणायचो आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सिमेंट पिऊन टाकायचं. आत्या एकदा भिंतीवर तांब्यानं पाणी मारता मारता म्हणाल्या, "माणसापरीस भिताडाची बडदास्त हाय बघ. मी काल अंगुळीला एक तांब्या कमी घेतला." जुनी मोरी पाडली होती. तिची गटार राडारोड्यानं बुजली, आणि भांड्याकुंड्याचं सांडपाणी परसाच्या कडेला, नव्या भिंतीच्या बुडाशीच मुरायला लागलं. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. काम चाललेलं घर, घाण असायचीच.

सांगलीहून टेम्पोनं टाइल्स आल्या. पिवळसर, त्यात काळे-तांबडे ठिपके. मामांनी स्वतः एकेक हातात घेऊन उतरवली. स्वयंपाकघराचा भराव टाकून तो जड लोखंडी धुमसानं ठोकून घेतला तेव्हा मी उपकेंद्रात होते. संध्याकाळी आले तर वर सिमेंटचा कोबासुद्धा झाला होता. त्यानंतर टाइल्स, मग कडप्प्याचा ओटा आणि ओट्यावर नळ.

ज्या सकाळी त्या नळाला पाणी आलं, त्या सकाळी मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून नळासमोर उभे राहिले. तांब्या भरला, आधी आत्यांना दिला, मग मला, मग स्वतः प्यायले. डोळे पुसले आणि म्हणाले, "फस्क्लास."

पण धार बारीक होती. मामा म्हणाले नवा नळ आहे, घट्ट आहे. फरशी सारखी गार आणि ओलसर लागायची. मी गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "नव्या कोब्याला पाणी मारलंय बाई. म्हैनाभर ओल ऱ्हाणारच." मला पटलं. ज्या घरात महिनाभर सगळीकडं पाणीच मारलंय, तिथं ओल कशाची, हे ओळखायचं कसं?

चार-पाच दिवसांनी मागच्या घरांतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. त्यांच्याकडं पाणी जेमतेम ठिबकत होतं. एक जण फटकन बोलली, "मोटर बसवली का काय नळाला? सगळं पाणी वडून घेताय जणू."

मामांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दार सताड उघडलं. "या. आत या. कुटं मोटर हाय ती दाखवा." बायका आत आल्या, नव्या फरशीवर जपून पावलं टाकत ओट्याखाली बघून गेल्या. मोटर नव्हती. बारीक धार त्यांनीही बघितली. मामांना मात्र ते लागलं ते लागलंच.

मग पोरं आजारी पडायला लागली. मागच्या घरांतच. आधी एकाला जुलाब, मग दोघांना, मग एका घरात तिघांना. मी मीठ-साखरेच्या पुड्या वाटत फिरत होते, पाणी उकळा म्हणून सांगत होते. आमच्या घरात मी उकळलेलंच पाणी ठेवायची, नोकरीची सवय. मामा मात्र माझ्या उकळलेल्या पाण्याला नावं ठेवून थेट नळाखाली तांब्या धरायचे. अगदी शेवटच्या घरातल्या काकूंची तीन वर्षांची नात इतकी गळून गेली की तिला आष्ट्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सलाइन लावलं. मीच सोबत गेले होते.

या काकू आमच्या घराच्या कामावर बिगारी होत्या. पाट्या वाहायच्या, भराव टाकायच्या. दवाखान्याच्या बाकावर त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "नर्सबाई, एक सांगू? त्या दिशी धुमस मारताना टण्ण आवाज झाला व्हता. दगडाचा न्हाई, लोखंडाचा. मी मिस्त्रीला म्हनलं, बघा की वो उकरून. तर म्हनला, गुमान पाटी टाक. मी गप ऱ्हायले. कामावरनं काढलं असतं मला."

चहाचे कप घेऊन मी कशी गप्प राहिले होते, ते मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटल्यावर मी उपकेंद्रातली तपासणीची बाटली घेतली. साधी गोष्ट असते ती. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात जंतू मारायचं औषध आहे. रंग आला नाही म्हणजे पाण्यात वाटेत कुठंतरी घाण मिसळून औषध संपलं. चौकातल्या नळाचं पाणी पिवळं झालं. काकूंच्या घरचं झालं नाही. मधल्या दोन घरांचं झालं नाही. शेवटी मी आमच्या ओट्यावर आले. ज्या नळापुढं मामा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले होते, त्याखाली नळी धरली, थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं.

गावभर पाण्यात पावडर टाका म्हणून सांगत फिरणारी मी, आणि घाण माझ्याच घरातून पुढं जात होती.

मी मामांना समजावून सांगितलं. लाइन कुठंतरी फुटली आहे. पाणी चालू असताना ते बाहेर गळतं, म्हणून धार बारीक. आणि पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचं सांडपाणी आत ओढतो. दुसऱ्या सकाळी तेच पुढच्या घरांत जातं.

मामा म्हणाले, "आपल्यातच फुटलीया कशावरनं? रस्त्यात बी फुटली आसंल."

"चौकातलं पाणी चांगलं आहे, मामा. चौक आणि आपलं स्वयंपाकघर यांच्यात दुसरं काहीच नाही."

"मग गृहप्रवेश झाल्यावर बघू. पोरगा येतुया सुट्टीवर, पाव्हणं येणार, भंतेजींना सांगून ठिवलंय. फरशी फोडायची न्हाई. ऑर्डर हाय माझी."

मग मी माझी ऑर्डर चालवली. पाणी सोडणाऱ्या माणसाकडं गेले आणि वस्तीचा कॉक बंद करायला लावला. मागची लाइन वेगळी बंद करायची सोय नव्हती. त्यामुळं सगळी वस्ती कोरडी पडली. प्रत्येक दारात जाऊन मीच सांगितलं की पाणी मी बंद केलंय, का केलंय आणि कुणाच्या घरातून घाण येते आहे. मामांना हे कळल्यावर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. नळ जोडणारा माणूस शेजारच्या गावात होता. त्याच्याकडं मी निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, मालक घरी आल्यावर बोलवा, बाईमाणसाच्या सांगण्यावर मी कुणाची फरशी फोडत नाही.

पाणी नसलं की घरात काय काय थांबतं, हे त्या दोन दिवसांत वस्तीनं बघितलं. भाकरीचं पीठ परातीत कोरडं पडून राहिलं. राखेनं घासलेली भांडी विसळायला थेंब नव्हता, तशीच ओळीनं उन्हात पडलेली. गोठ्यातल्या म्हशी हंबरून जीव खात होत्या. म्हाताऱ्या माणसांनी तर पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे लघवीला जावं लागू नये. आमच्या घरात भिंतीचा गिलावा पाण्यावाचून तडकायला लागला आणि मामा त्यावर नुसता हात फिरवत बसले.

आता पाणी एकाच ठिकाणी मिळणार होतं. गावात, चावडीपुढच्या नळावर. सकाळी आम्ही सगळ्या बायका निघालो. रांगेत माझी घागर पाचवी की सहावी होती, मागं आत्या. माझा नंबर आला तशी तिथली एक बाई पुढं झाली. तिचं बाळंतपण मीच केलेलं. आवाज अगदी गोड ठेवून म्हणाली, "बाई, जरा कडंला ठिवा घागर. आज आमच्यात सवाष्णी जेवायच्यात. शिवाशिव नको. आमचं सगळ्यांचं झालं की मग तुमी घ्या."

मी काही बोलायच्या आत मागून भांडं सरकल्याचा आवाज आला. आत्यांनी त्यांची घागर आपणहून बाजूला घेतली होती. कुणी हात लावला नव्हता, कुणी दटावलं नव्हतं. साठ वर्षांची सवय हातात बसलेली.

मला त्या बाईचा जितका राग आला नाही तितका त्या आवाजाचा आला.

मी घागर नळाखाली ठेवली. म्हणाले, "तुमच्या पोराला या जगात पहिला हात माझा लागला. तवा शिवाशिव न्हाई झाली? तवा तर माझा हात धरून रडत व्हता."

"तसं न्हवं वो बाई, ते दवाखान्यातलं..."

"नंबर माझा हाय. माझ्यानंतर माझ्या सासूचा हाय. त्येंच्यामागं जेवढ्या आल्यात तेवढ्यांचा हाय. तुमच्या सवाष्णींना पाणी पायजे तर रांगंत ठिवा घागर."

ती मागं सरकली. दुसऱ्या एकीनं आपली भरलेली घागर ओतून दिली आणि पुन्हा विसळायला बाजूला नेली. ते मी बघितलं, आणि तिनं बघितलं की मी बघतेय. मी आत्यांची घागर उचलून नळाखाली लावली. वस्तीतल्या शेवटच्या बाईचं पाणी भरून होईपर्यंत मी नळाशी उभी राहिले. उपकेंद्र उघडायला त्या दिवशी उशीर झाला. झाला तर झाला.

घरी येऊन आत्यांनी सगळं मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "त्या नळावर पुन्यांदा जायाचं न्हाई. कुनीच न्हाई. मी आष्ट्यावरनं टँकर मागवतो. गृहप्रवेश होस्तवर रोज येऊ दे."

"टँकर आणा न्हाईतर नदी आणा मामा," मी म्हणाले. "खालचा पाइप फुटलेलाच राहणार."

गवंड्याची हत्यारं ओसरीवर पडली होती. त्यातला घण आणि छिन्नी मी उचलली. मामा उठून दारात आले. मला वाटलं आडवे होतील. झाले नाहीत. पहिल्या घावानंतर ते वाक्य मात्र बोलले, अजून टाइम हाय म्हणून. आणि मी पुढचे दोन घाव घातले.

टाइलचे तुकडे उडाले तसे ते वळले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले, घराकडं पाठ करून. मी एकटीच ठोकत राहिले. फरशी फोडणं मी याआधी कधी केलं नव्हतं. छिन्नी सटकून बोटाची सालटं निघाली. थोड्या वेळानं आत्या आल्या, साडी खोचून बसल्या आणि छिन्नी दोन्ही हातांनी धरली. "हान. मी धरलीया," म्हणाल्या. काकूही आल्या. त्यांना विचारलं आवाज नेमका कुठं झाला होता. त्यांनी भिंतीपासून पावलं टाकली आणि एका जागी अंगठा टेकवला. "हितं."

कोबा फोडला, मुरूम उपसला. गुडघाभर खाली गेलो तसा वास आला. काळा चिखल, त्यात भाताची शितं, राखेचा चिकट लगदा, आणि मधोमध पाइप. दोन पाइप जिथं जोडले होते तिथलं लोखंडी सॉकेट उभं चिरलेलं. आमच्याच मोरीचं पाणी त्याच्याभोवती तुंबलं होतं.

मी हाक मारली, "मामा, या. बघा."

ते यायला वेळ लागला. आले, धोतर सावरून खड्ड्याच्या काठावर बसले. दोन बोटं चिखलात घातली, नाकाजवळ नेली. मग म्हणाले, "हे मी पीत व्हतो व्हय?" आणि थोड्या वेळानं, "मागल्या घरास्नी बी हेच धाडत व्हतो." त्यांचंही पोट आठवडाभर बिघडलेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या नळाला बोल लागला असता ना.

चिरलेलं सॉकेट घणानं फोडून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मी एसटीनं आष्ट्याला गेले. हार्डवेअरच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसायचे. पांढरी टोपी, नाकावर चष्मा. मी सॉकेट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते फिरवून बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री कौन हाय तुमचा?"

"मिस्त्री नाही. मीच जोडणार आहे."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मंग बसा हितं." दुकानातला एक पाइपचा तुकडा त्यांनी शिकंज्यात घट्ट धरला आणि मला शिकवलं. आटे तारेच्या ब्रशनं साफ करायचे. त्यावर सफेदा, म्हणजे पांढरा घट्ट रंग, लावायचा. मग ताग गुंडाळायचा, आट्यांच्या दिशेनं, उलटा नाही. "उलटा गुंडाळला तर घट्ट करताना सगळा बाहेर येतो, ध्यान में रखो." दोन्ही बाजूंचे पाइप न फिरवता जोडता यावेत म्हणून युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, दिला. "और दो पाना लगते. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. अकेला आदमी करेगा तो पुराना जोड भी ढिला होगा." दोन्ही पाने त्यांनी स्वतःचे दिले. माझ्याकडून दोन वेळा सगळं करून घेतल्यावरच मला उठू दिलं.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यातला चिखल उपसून, चुना टाकून आम्ही बसलो. एक पाना मी धरला, एक आत्यांनी. काकूंनी पाइप वर उचलून धरला. मामा वर उभे राहून पाणी सोडणाऱ्याला आवाज द्यायला थांबले होते. जोडलं, आवळलं, कॉक उघडायला सांगितलं. जोडातून थेंब थेंब गळायला लागलं. पुन्हा कॉक बंद. सगळं काढलं. ताग कमी पडला होता. दुसऱ्यांदा भरपूर गुंडाळला, आत्या आणि मी दोघींनी ताकद लावून आवळलं. त्यांच्या बांगड्या दोन फुटल्या.

पुन्हा पाणी सुटलं. आम्ही तिघी खड्ड्यात तोंड घालून बघत राहिलो. मी कोरडा फडका जोडावर फिरवला. कोरडाच राहिला.

पण मी कुणाला लगेच भरू दिलं नाही. लाइन जास्तीचं औषध घालून धुतली, ते पाणी सोडून दिलं. बायका ओरडल्या, "वाया घालवतीय बघा पाणी." ओरडू दिलं. तिसऱ्या सकाळी काकूंच्या दारातल्या नळाखाली नळी धरली आणि थेंब टाकले. सगळी वस्ती माझ्या हाताकडं बघत होती. पाणी पिवळं झालं. काकूंनी नळी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि नातीला दाखवली. ती पोरगी तोवर घरी आली होती, अजून कडेवरून उतरत नव्हती.

गवंडी त्याच दिवशी चौकटी बसवायला आला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि खड्डा बघून कमरेवर हात ठेवले. "ही काय दशा केली वो माझ्या कामाची? बायकांनी फोडली व्हय? मला बोलवायचं न्हाई का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा पुढं झाले. अगदी हळू बोलले. "तुझ्या कामाची दशा तू केलीस. धुमस लागला तवा तुला कळलं व्हतं. तू पुरलंस. आन् मी पुरू दिलं. हिनं जोडलंय." मग काकूंकडं हात केला. "ह्या बाईनं सांगितलं व्हतं तुला. आता चौकटी लाव आन् जाताना तिला सांगून जा, चुकलं म्हणून."

गवंड्यानं ते काही सांगितलं नाही. चौकटी लावल्या आणि गेला. पुढच्या वर्षी काकूंनी दुसऱ्या गवंड्याकडं काम धरलं.

गृहप्रवेशाच्या दोन दिवस आधी नवरा आला. ट्रंक खाली ठेवून त्यानं घर बघितलं, आणि स्वयंपाकघरात आल्यावर थबकला. पत्रातून त्याला फरशीचं एवढं कौतुक कळवलं होतं मामांनी. तो म्हणाला, "सांगलीला जाऊन तसल्याच टाइल्स घेऊन येतो. दोन दिवसांत बसवून टाकू. पाव्हण्यांसमोर हे असं बरं दिसत न्हाई."

मी म्हणाले, "बसवायच्या न्हाईत."

"अगं पण..."

"जोड दिसला पायजे. हात घालता आला पायजे. झाकायचाच असला तर वर फरशीचं झाकण करा, कडी लावलेलं. सिमेंट घालायचं न्हाई."

नवऱ्यानं वडलांकडं बघितलं. मामा म्हणाले, "ती सांगती तसं कर. ह्या बाबतीत तीच सीनियर हाय."

गृहप्रवेश झाला. भंतेजींनी परित्राण पाठ घेतला, पाण्याच्या कलशाला पांढरा दोरा बांधला. कलशातलं पाणी आमच्या ओट्यावरच्या नळाचं होतं. पाहुणे आले, खीर-पुरी जेवले. जेवणावळीची भांडी मागच्या घरांतल्या बायकांनी आपापल्या नळावर नेऊन घासून आणली. येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरातल्या त्या शहाबादी झाकणाबद्दल विचारायचा. मामा कडी धरून ते उचलायचे, खाली वाकून दाखवायचे आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायचे. स्वतःची चूकसुद्धा गाळायचे नाहीत. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला.

उन्हाळ्यात लाइन घराबाहेरून फिरवून घेतली. तिचा चर मामांनी स्वतः खणला.

चावडीपुढच्या नळावर मात्र मी त्यानंतरही जात राहिले. घरात पाणी असताना. पंधरा दिवसांतून एकदा तिथलं पाणी तपासणं हे माझं कामच होतं, पण मी जाताना आत्यांना आणि एक घागरही सोबत न्यायची. रांगेत उभी राहायची, नंबर आला की आत्यांना भरायला लावायची. पहिल्या काही वेळा त्या घागर अर्धीच भरून उचलायच्या. पुढं त्या माझ्याशिवायही जायला लागल्या. घरात नळ असताना कशाला जातेस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझी मर्जी."

चार वर्षांनी माझी बदली तासगावकडं झाली. द्राक्षांचा मुलूख, भाड्याच्या खोल्या. घरमालक खोली दाखवत होता, खिडकीतून वारा कसा येतो ते सांगत होता. मी विचारलं, पाण्याची लाइन कुठून जाते? तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय बाई? नळाला पाणी येतं की." मी म्हणाले, दाखवा. तो हसला. मी पिशवी दारातच ठेवली आणि ओसरीवर बसले. म्हटलं, दाखवल्याशिवाय मी आत पाऊल ठेवणार नाही. अर्ध्या तासानं त्यानं फावडं आणलं.